ग्रांदुला, २५ एप्रिल १९७४: गाणं नुसता इशारा होतं की त्याहून जास्त काही?

वाटसरू_१२ (धागाकर्ता)

पोर्तुगालच्या १९७४ च्या क्रांतीवर मराठीत कुठेही लेख आला की एक वाक्य हमखास सापडतं: 'एका लोकगीताने ४८ वर्षांची हुकूमशाही उलथवली.' ऐकायला गोड आहे, पण माझ्या मते त्याने दोघांवर अन्याय होतो. जीव धोक्यात घालून उठाव करणाऱ्या लष्करी कप्तानांवर होतोच, पण गाण्यावरही होतो. कारण गाण्याने खरंच जे केलं ते या वाक्यात कुठेच येत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: २८ मे १९२६ ला लष्करी उठाव, १९३३ पासून हुकूमशहा सालाझारचं 'एस्तादो नोव्हो' (नवं राज्य), १९६८ नंतर त्याच्या जागी मार्सेलो कायतानो. अंगोला (१९६१), गिनी (१९६३) आणि मोझांबिक (१९६४) अशा तीन ठिकाणी वसाहतींचं युद्ध. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री रेडिओवर ठरल्या वेळी दोन गाणी लागली आणि पलटणी बाहेर पडल्या. दुसरं गाणं जोझे आफोंसो, म्हणजे सगळ्यांचा 'झेका', याचं 'ग्रांदुला, व्हिला मोरेना'.

जाणकारांना विचारायचं आहे की हेच गाणं का निवडलं? लोकगीतांचा राजकीय वाटा त्या रात्रीपुरताच होता की त्याची मुळं आधीची आहेत? आणि एखाद्या गटाला हे गाणं बसवायचं असेल तर त्याची बांधणी नेमकी कशी आहे?

---

तोफखाना

माझं उत्तर सरळ आहे. इशाराच होता. दुसरं कुठलंही गाणं चाललं असतं.

उठावाचं कारण बघा. जुलै १९७३ मध्ये सरकारने फर्मान काढलं. युद्धासाठी तात्पुरते घेतलेले अधिकारी छोटासा अभ्यासक्रम करून कायम होणार आणि वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या कप्तानांच्या बरोबरीला, काही बाबतींत पुढेही, जाणार. त्यावरून कप्तान बिथरले. ९ सप्टेंबर १९७३ ला आलेंतेजू प्रांतातल्या एका मळ्यावर त्यांची पहिली मोठी गुप्त बैठक झाली. सुरुवात सेवाज्येष्ठतेच्या तक्रारीपासून झाली आणि गाडी 'हे युद्ध जिंकता येणार नाही, राजवटच बदलली पाहिजे' इथवर आली. यात लोकगीत कुठे आहे?

---

बिनतारी

तोफखाना, इशारा होता हे मान्य, पण 'कुठलंही चाललं असतं' हे तांत्रिकदृष्ट्याच चूक आहे. रेडिओवरून इशारा द्यायचा तर गाण्याला काही अटी पाळाव्या लागतात.

आधी रेडिओच का, ते बघू. देशभरच्या तुकड्यांना एकाच क्षणी कळवायचं होतं. फोनवर गुप्त पोलिसांचे कान, आणि निरोप्या एका रात्रीत सगळीकडे पोचणार नाही. रेडिओ ऐकताना मात्र कोणावर संशय येत नाही.

पहिला इशारा २२:५५ ला, 'एमिसोरेस आसोसियादोस द लिस्बोआ' या केंद्रावरून. गाणं 'ए देपोइस दो आदेउस', गायक पाउलो द कार्व्हालो. त्याच महिन्यात ब्राइटनच्या युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गेलेलं प्रेमगीत, म्हणजे कोणाच्या भुवया उंचावायचा प्रश्नच नाही. पण नेमकी तीच त्याची अडचण होती. लोकप्रिय गाणं कोणीही, कधीही लावेल. म्हणून नुसतं गाणं पुरत नाही. वेळ ठरलेली हवी आणि निवेदकाचं वाक्यही ठरलेलं हवं. निवेदक जोआंव पाउलो दिनिश याने अकराला पाच कमी असल्याचं सांगून गाणं लावलं. अर्थ: तयारीत राहा.

दुसरी अडचण पल्ल्याची. हे केंद्र लिस्बनच्या आसपासच नीट ऐकू यायचं. देशभर पोचेल असं केंद्र म्हणून रेडिओ रेनाशेंसा निवडलं, आणि ते कॅथलिक चर्चचं! त्यावर मध्यरात्रीनंतर 'लिमिते' नावाचा कार्यक्रम असायचा. तो बाहेरचे लोक वेळ विकत घेऊन करायचे, त्यामुळे आतून मदत मिळणं शक्य होतं. लष्कराच्या बाजूने आधी झेकाचंच 'व्हेन्याम माइश सिंको' सुचवलं होतं. पण त्या केंद्रावर त्याला बंदी होती. ते लावलं असतं तर कार्यक्रम तिथेच थांबला असता. 'ग्रांदुला' सुचवलं ते पत्रकार कार्लोस आल्बिनो यांनी, कारण ते बंदीच्या यादीत नव्हतं.

म्हणजे गाणं बंदी नसलेलं हवं, रोज न वाजणारं हवं, आणि पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारं हवं. 'ग्रांदुला'ची सुरुवात वाळूखड्यांवरून चालणाऱ्या पावलांच्या आवाजाने होते. घरघरणाऱ्या मध्यम लहरींच्या संचावरसुद्धा दुसऱ्या कशाशी गल्लत होणार नाही. त्यातून आधी पहिलं कडवं नुसतं वाचलं जाणार आणि मग गाणं लागणार, असं ठरवून आणखी एक कुलूप घातलं. ००:२० ला ते लागलं. याचा अर्थ: आता मागे फिरणे नाही, पहाटे तीनला तुकड्या बाहेर.

---

सुरपेटी

बिनतारी, मस्त! दोन सेकंदांचा मुद्दा अगदी बरोबर.

त्या पावलांबद्दल थोडं. ध्वनिमुद्रण १९७१ च्या शरद ऋतूत पॅरिसजवळच्या एरूव्हिल इथल्या गढीतल्या स्टुडिओत झालं, 'कांतिगास दो मायो' या तबकडीसाठी. संगीत संयोजन जोझे मारिओ ब्रांको यांचं, ते तेव्हा फ्रान्समध्ये परागंदा होते. आलेंतेजूचे शेतमजूर हातात हात गुंफून, संथ पावलं टाकत गातात, ती चाल त्यांना तबकडीत आणायची होती. म्हणून रात्री रस्ते शांत झाल्यावर माइक बाहेर अंगणात नेले आणि झेका, ब्रांको, फ्रान्सिस्को फान्याइश आणि कार्लोस कोरेइया असे चौघं खड्यांवर चालले. वाद्य एकही नाही. ताल म्हणजे पाऊल.

---

अनुराधा_क

मूळ वाक्यातली पहिली चूक अजून कोणी दाखवली नाही. 'ग्रांदुला' लोकगीत नाही. त्याला कवी आहे, संगीतकार आहे, तारीख आहे. १७ मे १९६४ ला झेका ग्रांदुला गावातल्या कामगारांच्या संगीत मंडळात गायला गेला, सोबत गिटारवादक कार्लोस पारेदेस होते. १९१२ साली स्थापन झालेलं हे मंडळ, नावातच 'कामगार बंधुता'. तिथलं ग्रंथालय आणि लोकांनी मिळून चालवलेला कारभार पाहून त्याने कविता करून पाठवली. चाल लोकशैलीतली, पण गाणं एका माणसाचं.

---

गवळण

अनुताई, मग पोवाडा लिहिणाऱ्या शाहिराचं नाव माहीत असलं म्हणजे तो लोकवाङ्मयातून बाद का? लोकांनी उचललं की झालं लोकगीत.

---

अनुराधा_क

@गवळण, बाद नाही हो! पण फरक ठेवायलाच हवा, कारण राजकीय गोष्ट त्या फरकातच आहे. खरी लोकगीतं राजवटीलाही हवीच होती, नव्हे, तिने ती डोक्यावर घेतली होती. प्रचार खात्याचे प्रमुख आंतोनिओ फेर्रो यांनी १९३८ साली 'सर्वात पोर्तुगीज गाव' अशी स्पर्धा भरवली. बैरा प्रांतातलं मोनसांतु जिंकलं, बक्षीस चांदीचा कोंबडा. गावोगावी 'रांशो' नावाची नृत्यपथकं: इस्त्रीचे पोशाख, हसरे चेहरे, परकराची गिरकी. कष्टाची, उपासमारीची, मालकाला टोमणा मारणारी गाणी त्यात बसत नव्हती. गरिबी दाखवायची, पण समाधानी.

म्हणून लोकगीत आपोआप बंडखोर असतं हा समज सोडून द्यावा. ते कोण गोळा करतं, त्यातलं काय ठेवतं आणि कुठे गातं यावर सगळं अवलंबून.

---

जुनी_तबकडी

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के दुजोरा, आणि इथेच धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. दोन माणसांची नावं लक्षात ठेवा.

फेर्नांदो लोपेस-ग्रासा (१९०६-१९९४): संगीतकार, कम्युनिस्ट, तुरुंगवास भोगलेला. १९४६ साली त्याने समूहाने गायची 'वीरगीतं' छापली. त्यांवर बंदी आली. मग त्याच्या हौशी गायकांच्या वृंदाने काय केलं? प्रांतोप्रांतीची लोकगीतं बहुस्वरी बांधून गायला घेतली. कापणीचं गाणं, अंगाई, नाताळचं गाणं यांना नाही कसं म्हणणार? पण तो वृंद म्हणजे विरोधकांचा भेटण्याचा अड्डा. संघटना बंद, सभा बंद, तालीम मात्र चालू.

दुसरा मिशेल जाकोमेत्ती, जन्माने कॉर्सिकन. १९५९ ला पोर्तुगालमध्ये आला आणि तिथलाच झाला. ध्वनिमुद्रक घेऊन खेडोपाडी फिरला. लोपेस-ग्रासासोबत १९६० ते १९७० या काळात पाच तबकड्या काढल्या: त्राज-उश-मोंतेश, आल्गार्व, मिन्यो, आलेंतेजू आणि बैरा. वेष्टनाला गोणपाट! आत रांशोची गिरकी नाही. म्हातारीचा चिरका आवाज, नांगर हाकणाऱ्याची आरोळी, जात्याशी गाणारी बाई. शहरातल्या विद्यार्थ्याला आपल्या देशाचा हा आवाज पहिल्यांदा असा कानी पडला. १९७० पासून सरकारी दूरदर्शनवर त्याची मालिकाही लागली.

झेकाची १९७० ची तबकडी काढून बघा, त्यात 'मारिया फाइया' आहे, बैरा-बायशातलं पारंपरिक गाणं. १९७१ च्या तबकडीत 'मील्यो व्हेर्द', तेही पारंपरिक. ही गाणी आणि 'ग्रांदुला' एकाच बाजूला ऐकली की कोणतं जुनं, कोणतं नवं ते पटकन कळत नाही. ती त्याची कमाई.

---

तोफखाना

वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण अजून एका प्रश्नाचं उत्तर नाही: या गाण्यांमुळे एकतरी सैनिक बाहेर पडला का?

---

कोइंब्राकर

सैनिक म्हणजे कोण होते ते पाहा. युद्धासाठी सक्तीने भरती केलेले तरुण, आणि पदवीधर असल्यामुळे अधिकारी झालेले विद्यार्थी. हेच लोक १९६२ आणि १९६९ च्या विद्यार्थी आंदोलनांत कोइंब्रा-लिस्बनच्या विद्यापीठांत होते. त्यांच्या कानात काय होतं? १९६३ चं झेकाचं 'उश व्हांपिरुश', आणि त्याच साली आद्रियानो कोरेइया द ओलिव्हेइराने गायलेलं 'त्रोव्हा दो व्हेंतो के पासा', शब्द मानुएल आलेग्रेचे. कोइंब्राचा फादो म्हणजे काळे अंगरखे घालून प्रेयसीच्या खिडकीखाली गायचा प्रकार. या लोकांनी त्यातली बारा तारांची गिटार बाजूला ठेवली, साधी गिटार घेतली, आणि विषय बदलला. ही गाणी बराकीत गेली ती याच मुलांबरोबर.

शिवाय २९ मार्च १९७४, लिस्बनचं कोलिझेउ सभागृह. पोर्तुगीज गाण्यांचा मेळावा, तुडुंब गर्दी. सेन्सॉरने झेकाची बरीच गाणी कापली, 'व्हेन्याम माइश सिंको'सकट. 'ग्रांदुला' सोडलं. एका गावाची स्तुती करणारं, संथ, खेडवळ वळणाचं गाणं, त्यात काय कापणार? कार्यक्रमाच्या शेवटी सगळे कलाकार आणि सगळं सभागृह ते गायलं. प्रेक्षकांत उठावाच्या गोटातले अधिकारी होते. चार आठवड्यांनी गाणं निवडताना ते त्यांच्या कानात ताजं होतं.

म्हणजे लोकवळणाने सेन्सॉरला फसवलं. वर बिनतारींनी सांगितलेली 'बंदी नसलेलं' ही अट गाण्याच्या घाटामुळेच पुरी झाली. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तरी इथे दिसतं.

---

मांडवीकाठ

गोव्याची बाजू मांडतो, कारण ती इथे खरोखर लागू होते.

झेकाला एप्रिल-मे १९७३ मध्ये गुप्त पोलिसांनी लिस्बनजवळच्या काशियाश तुरुंगात ठेवलं होतं. मराठी वाचकांना या तुरुंगाचं नाव दुसऱ्या कारणाने माहीत असायला हवं. गोवामुक्तीसाठी लढलेले आपले मोहन रानडे तिथेच होते. १९५५ ला पकडले गेले, १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी सुटले नाहीत, सुटका जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्यासाठी सुधीर फडके यांनी केलेली धडपड सर्वश्रुत आहे. एकाच तुरुंगात वसाहतीतला स्वातंत्र्यसैनिक आणि तिथला स्वतःचा गायक, दोघांना डांबणारं पोलीस खातंही तेच. काशियाशचे राजकीय कैदी २६ एप्रिल १९७४ च्या रात्री सुटू लागले.

आणि दुसरं: सालाझार-कायतानो राजवटीने गोवा गेला हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. क्रांती झाली, मारिओ सुआरिस परराष्ट्रमंत्री झाले, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार होऊन गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. त्या रात्रीचा परिणाम थेट मांडवीपर्यंत पोचला.

---

गवळण

अवांतर: वृत्तपत्रांत झेकाचं नाव छापायला मनाई होती तेव्हा ते उलटं छापायचे, 'एझोज ओस्नोफा'! वाचकांना बरोबर कळायचं, सेन्सॉरची निळी पेन्सिल मात्र पुढे सरकायची. 😄

---

रेशीमगाठ

फादोबद्दल कोणीच का बोलत नाही? पोर्तुगाल म्हटलं की फादोगायिका आमाल्याच आठवते.

---

जुनी_तबकडी

@रेशीमगाठ, विरोधकांचा फादोवर राग होता. फुटबॉल, फातिमा (तिथलं तीर्थक्षेत्र) आणि फादो ही लोकांना गुंगवणारी त्रिमूर्ती, असं ते म्हणत. क्रांतीनंतर काही वर्षं फादोचे दिवस वाईट गेले. मला हा राग एकतर्फी वाटतो. आमाल्याने १९६२ च्या तबकडीत 'आबांदोनु' गायलं, त्याला लोक 'पेनिशचा फादो' म्हणत, कारण पेनिश हा समुद्रकाठचा राजकीय कैद्यांचा तुरुंग. पण फादो एकट्याने गायचा, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचा. रस्त्यावर दहा हजार लोकांना फादो गाता येत नाही, 'ग्रांदुला' येतं.

---

सुरपेटी

हाच दुवा पकडून तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

आलेंतेजूच्या समूहगायनाला 'कांते' म्हणतात (नोव्हेंबर २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत). मोठमोठ्या जमीनदारांचा मुलूख, गहू आणि बुचाची झाडं, रोजावर राबणारे मजूर. कांतेची घडण अशी: 'पोंतु' एकटा सुरू करतो, मधल्या पट्टीत. मग 'आल्तु' त्याच्या वर, बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर, हरकती घेत शिरतो. त्यानंतर बाकी सगळे खालच्या सुरात. वीस-पंचवीस जणांतही आल्तुचा एकटा आवाज वर तरंगत राहतो. लय अतिसंथ, वाद्य नाही.

'ग्रांदुला'त हे सोपं केलंय. प्रत्येक कडवं चार ओळींचं, प्रत्येक ओळ सात अक्षरांची (शेवटच्या आघातापर्यंतच मोजायची). एकटा माणूस १-२-३-४ या क्रमाने ओळी म्हणतो, समूह पहिल्या जोडीत त्याच ओळी उलट्या, ४-३-२-१ म्हणतो; पुढच्या दोन जोड्यांत उलटा क्रम शेवटाकडे थोडा बदलतो. अशा तीन जोड्या. याचा फायदा मोठा आहे: नवख्या माणसालाही समूहाचं कडवं पाठ करावं लागत नाही, ते त्याने आत्ताच ऐकलेलं असतं. आणि पहिल्या कडव्यातली तिसरी ओळ, 'इथे हुकूम चालतो तो लोकांचा', एकट्याच्या तोंडून येते आणि लगेच सगळ्यांच्या तोंडून परत येते. 

बसवताना हमखास होणाऱ्या चुका:

लय वाढते. घोषणेसारखं म्हणायचा मोह होतो आणि पावलं धावतात. आधी पाच मिनिटं नुसतं चालण्याचा सराव करा, गाणं नंतर.

सूर उतरतो. वाद्य नसल्याने तिसऱ्या जोडीपर्यंत अख्खा गट अर्धा-पाऊण सूर खाली येतो. उपाय म्हणून पेटी धरू नका. प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला एकट्या गायकाने सूर पक्का धरायचा, आणि ओळीच्या शेवटच्या लांब स्वरावर श्वास संपू द्यायचा नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की तिथे सूर पडतो, शेजाऱ्याशी आलटून-पालटून घ्या.

पट्टी उंच धरली जाते. खालची धरा. समूहात वरचा आवाज लावणारे निघतातच.

उच्चार: आघात नसलेला 'ओ' हा 'उ'कडे झुकतो, म्हणून 'ग्रांदोला' नाही, 'ग्रांदुला'. शेवटचा 'ए' जवळपास गिळायचा. 'ग्रां'मधला अनुनासिक कोंकणी बोलणाऱ्यांना आपसूक जमेल.

---

तोफखाना

आता पटतंय. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पहाटे ४:२६ ला ताब्यात घेतलेल्या रेडिओ क्लबवरून पहिलं निवेदन आलं, त्यात आणि पुढच्या निवेदनांतही लोकांना घरातच थांबायला सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. लिस्बनमधल्या कार्मोच्या चौकात कप्तान साल्गेइरो मायाने कायतानो आसऱ्याला असलेल्या बराकीला वेढा घातला तेव्हा रणगाड्यांपेक्षा माणसं जास्त होती. लष्कराच्या योजनेत ही गर्दी नव्हती, आणि तिच्यामुळेच माघार अशक्य झाली. गुप्त पोलिसांच्या कचेरीतून गर्दीवर गोळीबार झाला, चार जण गेले. रक्तहीन क्रांती म्हणताना हे चौघे विसरू नयेत.

---

कोइंब्राकर

अगदी. आणि पुढचा काळही घ्या. क्रांतीनंतर लष्कराने खेड्यांत सांस्कृतिक मोहिमा काढल्या, विद्यार्थी गेले. १९७५ ला कोइंब्रात तयार झालेलं 'ब्रिगादा व्हिक्तोर जारा' हे पथक त्यातूनच आलं. गावात क्रांतीची गाणी शिकवायला गेलेली मुलं गावाची गाणी शिकून परतली आणि पुढे तेच गात राहिली. राजकारणाने लोकसंगीताला काय दिलं, हा प्रश्नही विचारायला हवा. उलट जोझे मारिओ ब्रांकोच्या गटाने लोकचालींवर थेट प्रचारगीतं बसवली. त्यातली काही ताकदीची आहेत, पण बरीचशी त्या दोन वर्षांबरोबरच संपली. ज्या गाण्यात फक्त मागणी असते ते मागणीइतकंच जगतं.

---

अनुराधा_क

'ग्रांदुला' मात्र जगलं. १५ फेब्रुवारी २०१३, संसदेत पंतप्रधान पासोस कोएल्यो बोलत असताना प्रेक्षक सज्जातून लोक उठले आणि गायला लागले. काटकसरीच्या धोरणाविरुद्ध. पंतप्रधानांनीही, कामकाज अडवण्याची ही सर्वात अभिरुचीपूर्ण पद्धत, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. तीनच दिवसांनी मंत्री मिगेल रेल्व्हास यांच्या सभेत तेच. 'ग्रांदोलार' असं क्रियापदच रुळलं. सरकार त्याने पडलं नाही, हेही लिहिते. पण गाणाऱ्यांना बाहेर काढणं कोणत्याही सरकारला अवघड जातं, कारण ते गाणं आता त्या लोकशाहीचंच आहे.

---

वाटसरू_१२ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत थोडं हललं आहे. 'नुसता इशारा' म्हणता येणार नाही. सेन्सॉरमधून सुटणं, ओळखू येणं, आणि कोणालाही लगेच साथ देता येणं ही तिन्ही कामं लोकवळणानेच केली. युद्ध मात्र कप्तानांनीच थांबवलं, यावर मी ठाम आहे.

शेवटची विनंती, ऐकायला सुरुवात कुठून करावी?

---

जुनी_तबकडी

आधी जाकोमेत्तीची आलेंतेजूची तबकडी, तीही सलग. मग झेकाची १९७० ची, मग 'कांतिगास दो मायो' पूर्ण. त्यात 'कांतार आलेंतेजानु' चुकवू नका, ते १९ मे १९५४ ला बालेइझांव इथे मजुरीवाढ मागताना पोलिसाच्या गोळीने गेलेल्या कातारीना एउफेमियावर आहे. 'ग्रांदुला' त्यानंतर ऐका.

---

सुरपेटी

आणि गट बसवायला घेतलात तर एकट्याचा भाग एकाच माणसाला देऊ नका. तीन जोड्या, तीन गायक. पट्टी ठरवताना मात्र तिघांत ज्याचा आवाज सर्वात खालचा, त्याची धरा.